गोस्लारच्या पावसातला किमोनो

ब्राउनश्वाइग, ऑक्टोबर १९६२

प्रिय वसू,

चारचौघांत वन्सं आणि पत्रात वसू, हा आपला करार अजून चालू आहे ना? आईंचा गुडघा बरा आहे आणि त्या पुन्हा स्वतः मंडईत जायला लागल्या हे वाचून जीव भांड्यात पडला. लसणीची चटणी पोचली. डबा उघडला आणि आमच्या घरमालकीणबाई, फ्राऊ बेरेन्स, दोनदा जिन्यात येऊन वास घेऊन गेल्या. आता मी खिडकी उघडून, कोट घालून चटणी खाते.

इकडची मोठी बातमी म्हणजे रविवारी मी किमोनो घालून गाव बघायला गेले होते. हस, पोटभर हस. झालं असं, की परदेशी विद्यार्थ्यांची गोस्लारला सहल होती आणि सगळ्यांनी आपापल्या देशाचा पोशाख करून यावं असं कळवलं होतं. आठवडाभर पावसाची झड. माझी धुतलेली पातळं खोलीतल्या दोरीवर ओलीच, आणि अंगावरच्या पातळावर प्रयोगशाळेतल्या आम्लाची भोकं. माझ्या शेजारच्या टेबलावर मिचिको नावाची जपानी मुलगी काम करते. तिच्याकडे दोन किमोनो होते. त्यातला एक तिने माझ्यापुढे धरला. गर्द जांभळा, त्यावर बारीक केशरी पानं.

मी नको म्हटलं. श्रीनाथ गेल्यापासून मी पांढरं नाहीतर राखी सोडून काही नेसले नाही, हे तुझ्यासमोरच घडलंय. आईंनी तसं कधी सांगितलं नाही, उलट वर्षश्राद्धानंतर त्यांनीच माझं मोरपंखी पातळ बाहेर काढून ठेवलं होतं. मी ते घडी न मोडता परत ट्रंकेत ठेवलं. त्यानंतर दोन दिवस त्या धड जेवल्याही नाहीत, आठवतं? मिचिकोला हे सगळं जर्मनमध्ये सांगण्याइतकी माझी भाषा अजून झालेली नाही. शेवटी मी मनाशी म्हटलं, किमोनो काही पातळ नव्हे, त्याला आपले नियम कशाला लागतील? तू म्हणशील पळवाट. होतीच.

त्यात चालणं म्हणजे एक शिक्षाच. घोटे एकमेकांना बांधल्यासारखी इवली इवली पावलं टाकायची, आणि मला तर ढांगा टाकायची सवय. तिच्या लाकडी चपला माझ्या पायाला होईनात, म्हणून खाली माझे पावसाळी बूट. गोस्लार फार देखणं आहे गं, लाकडी चौकटींची जुनी घरं, पाटीच्या दगडाची काळी छपरं, गल्ल्यांतून फरशीसारखे गोटे बसवलेले. सगळं निथळत होतं. एक म्हातारे जर्मन आजोबा मला जपानबद्दल बराच वेळ विचारत होते. मीही जर्मनमध्ये या, या, म्हणजे हो, हो, करत राहिले.

सहलीला यशवंतरावही पाहुणे म्हणून आले होते. वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात असलेले, साताऱ्याकडचे, ज्यांच्या पिठल्याची मी मागे पत्रात टर उडवली होती ते. पिठल्याचं लिहिलं, पण गेल्या महिन्यात ओकर नदीच्या काठी त्यांनी मला लग्नाबद्दल विचारलं, ते लिहिलं नाही. मी त्यांना हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तेव्हापासून त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मला रात्री झोप नाही. रविवारी त्यांनी मला किमोनोत पाहिलं, क्षणभर थांबले, आणि दगड निसरडे आहेत, जपून चाला, एवढंच म्हणाले. एरवी थट्टा केल्याशिवाय राहायचे नाहीत.

दुपारी पाऊस इतका वाढला की मी आणि मिचिको पोटरीपर्यंत भिजलो. एका कॉफीच्या दुकानातल्या बाईंनी आम्हाला मागच्या खोलीत शेगडीपाशी नेलं, पांघरायला शाली दिल्या आणि किमोनो वाळत टाकले. माझा आधी वाळला. कमरेचा रुंद पट्टा मिचिकोशिवाय बांधता येत नाही, पण आतली नाडी बांधायला काय लागतं, म्हणून माझा मीच चढवला. हात आपोआप चालले. आपण पदर कसा उजवीकडून आणून डाव्या खांद्यावर टाकतो, तशी मी उजवी बाजू वरून ओढून डावीकडे नेली, वर शाल घेतली आणि सगळे बसले होते तिथे जाऊन उभी राहिले.

मिचिको पट्टा घेऊन मागून आली. माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिने मला हाताला धरून परत आत नेलं, नाडी सोडली, आधी उजवी बाजू आत घेतली, डावी तिच्यावर आणली आणि गच्च आवळली. मी घाबरून विचारलं, काय चुकलं? तेव्हा म्हणाली, "उजवी बाजू वर ठेवून आम्ही फक्त मेलेल्या माणसाला नेसवतो. तू जिवंत आहेस, सुलेखा."

वसू, मी त्या शेगडीपाशी बसून इतकी रडले, की बिचारी माझी क्षमा मागत सुटली. तिला कसं सांगणार, की पाच वर्षं मी स्वतःला रोज तशीच नेसवत होते. कुणी सांगितलं नव्हतं. श्रीनाथवर माझं प्रेम होतं, अजून आहे, ते कुठे जायचं नाही. पण त्याला तरी मी अशी आवडले असते का? गच्चीत बसून माझ्याकडून रसायनशास्त्राची समीकरणं सोडवून घेणारा माणूस तो.

स्टेशनवर परत जाताना मी यशवंतरावांच्या छत्रीत शिरले आणि हो म्हणून सांगितलं. त्यांनी फक्त बरं म्हटलं आणि छत्री माझ्याकडे इतकी कलती केली, की गाडीत बसेपर्यंत त्यांचा एक खांदा पार भिजला होता. डिसेंबरात इथल्या श्टांडेसआम्टात, म्हणजे लग्नाच्या नोंदणी कचेरीत, लग्न करू. साक्षीला मिचिको.

तेव्हा हे पत्र परवानगीसाठी नाही, ती वेळ गेली. आईबाप मला आठवतही नाहीत, आणि काकांचं घर माझ्या लग्नाबरोबरच मिटलं. मला माणसं मिळाली ती तुमच्या घरात. मला इकडे शिकायला पाठवताना साऱ्या नातेवाइकांशी आई एकट्या भांडल्या. आता त्या घराची सून मी राहणार नाही, आणि मला भीती वाटते ती एवढीच. आईंना विचार, सासर म्हणून ते घर सुटलं, तर माहेर म्हणून मला मिळेल का? भारतात आले की आधी तुमच्याच दारात उतरायचंय. हे मला लिहायला धीर होत नव्हता, म्हणून आधी गोस्लारचा सगळा पाऊस सांगितला. सोबत फोटो आहे, यशवंतरावांनीच काढलेला. आईंना पत्र वाचून दाखव आणि मग तो त्यांच्या हातात दे. फोटोत रंग कळत नाही, तो तू सांग. आणि नीट बघ म्हणावं, डावी बाजू वर आहे.

तुझीच,
सुलेखा