तिघांच्या साक्षीचं तळं

३ फेब्रुवारी
राज्यसत्ता नेमकी कुठे असते? आज राजकीय भूगोलाच्या तासाला सरांनी विचारलं.  प्रबंध लिहिताना कळेल. विषय पक्का: मैलारम तळ्याची जुनी हद्द. बिल्डरचे टॉवर तळ्यात उभे आहेत, हे लोकांच्या आठवणींवरून सिद्ध करायचं. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

९ फेब्रुवारी
नऊला उठले. तळ्याकाठच्या वस्तीत गेले. सरांचा नियम असा, की पाणी पूर्वी कुठवर यायचं हे तीन म्हाताऱ्या माणसांना वेगवेगळं विचारायचं. पोशव्वा भेटली. तिने गरम सर्वपिंडी, म्हणजे तांदळाच्या पिठाचं थालीपीठच, वाढली. म्हणाली, "तळं कसलं, समुद्र होता पोरी. पोचम्मा देवीच्या देवळाच्या पायरीला लाटा लागायच्या. तुम्ही पोरांनी नुसतं डबकं बघितलंय." बाकी दोघं दुपारची झोपली होती. झोपलेल्या माणसाला उठवणं बरं नाही. शिवाय पोशव्वाची स्मरणशक्ती तिघांच्या तोडीची आहे.

२० फेब्रुवारी
नकाशा पूर्ण. निळी रेघ वस्तीला पोटात घेऊन थेट टॉवरच्या पार्किंगमधून जाते. खाली लिहिलं, 'तीन ज्येष्ठ रहिवाशांच्या साक्षीवरून'. ढोबळमानाने बरोबरच आहे.

१ मार्च
पालिकेने हद्दीबद्दल हरकती मागवल्या होत्या. नकाशा देऊन आले. इंजिनियर खुर्चीतून उठून उभे राहिले. बापूंनी गल्लीभर सांगितलं, माझी लेक, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, सरकारला तळं शिकवते.

१७ मार्च
वस्तीतल्या बासष्ट घरांवर पाडण्यासाठी लाल फुल्या. टॉवरवर एकही नाही. इंजिनियरना विचारलं. म्हणाले, "मॅडम, टॉवरकडे परवानगीचे कागद आहेत. वस्तीकडे कुठलाच कागद नव्हता. आता तुमचा नकाशा आहे."
काहीतरी तांत्रिक गैरसमज असावा.

१८ मार्च
पोशव्वाकडे जाणार होते. ऊन फार.

१९ मार्च
ऊन.

२१ मार्च
गेले. तिच्या दारावरही फुली. विचारलं, पाणी खरंच देवळापर्यंत यायचं? ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "आपल्या तळ्याबद्दल कुणी कमी सांगतं का? वस्तीच्या खालच्या चिंचेपाशी यायचं. तेही एका पुराच्या साली. पण त्या दोघांनीसुद्धा समुद्रच सांगितला?"
मी प्यायला पाणी मागितलं.
तिने दिलं. म्हणाली, "घरं पाडायच्या आधी सुनावणी आहे ना, तिथे मी सांगते, म्हातारी खोटं बोलली. तुझं शिक्षण नको बिघडायला."
मी नको म्हणाले नाही. घरी येऊन वहीत लिहिलं, 'वस्तीचा सहभाग उत्स्फूर्त'. मग खोडलं.

२४ मार्च, संध्याकाळी
अकराला सुनावणी होती. पोशव्वा धुतलेली साडी नेसून, डोक्याला तेल लावून खोटारडी ठरायला आली होती. तिला आत बोलावलंच नाही. बाहेर बाकावर बसून पुटपुटत होती, "बोलवायचं नव्हतं तर एवढ्या लांब आणलं कशाला?"
मी साडेदहालाच लेखी दिलं होतं. साक्षी तीन नव्हत्या, एकच होती. उरलेल्या दोन मी घरी बसून लिहिल्या. नकाशा ग्राह्य धरू नये. खाली सही, पूर्ण नाव. नकाशा बाद झाला, फेरमोजणीपर्यंत घरांना हात लावणार नाहीत. त्याच कागदाची प्रत दुपारी सरांच्या हातात दिली. प्रबंध रद्द, वर्ष गेलं. बापूंना दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून जेवायच्या आधी मीच सांगून टाकलं.