पांढऱ्या पट्टीचं मॅग्नम

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन सात महिने झाले आणि मी एक ओळ लिहिली नाही. काय लिहिणार होते? आई बरी आहे, अजमानचा फ्लॅट तोच आहे, लिफ्ट पुन्हा बंद आहे. एवढ्यासाठी कोण पत्र लिहितं! पण परवा शुक्रवारी मी अबू सैफ यांच्या घरी गेले होते, आणि तिथे जे झालं ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही.

हो, मीच गेले. अकरा वर्षं तुम्ही बोलावत होतात आणि येत नव्हती, तीच मी.

तुमची त्यांची पहिली भेट मी इतक्यांदा ऐकली होती की तुम्ही सुरुवात केलीत की मी मोबाइल उचलायचे. आता वाटतं, एकदा अजून सांगा ना! शारजातल्या हमरिया फ्री झोनमधलं तुमचं वर्कशॉप. दिवसभर स्टीलचे रेलिंग आणि हॉटेलांची किचन टेबलं आरशासारखी चमकवायची, हे तुमचं काम. आणि एक दिवस पांढरा पायघोळ कंदुरा घातलेले एक वयस्कर अरब गृहस्थ लाकडी पेटी घेऊन आले. आत स्टेनलेस स्टीलचं अमेरिकन मॅग्नम रिव्हॉल्व्हर, कंपनीने स्टेनलेसमध्ये बनवायला नुकती सुरुवात केली होती त्या वर्षांतलं. त्यांच्याकडे रीतसर परवाना होता, अशा जुन्या रिव्हॉल्व्हरांचा संग्रह होता. त्यांना ते चकचकीत करून हवं होतं.

तुम्ही ते हातात घेतलंत, उजेडाकडे वळवून पाहिलंत आणि परत पेटीत ठेवलंत.

"अरबाब, ये काम मैं नहीं करेगा."

मॅनेजर लाल झाला. तुम्ही मात्र समजावत राहिलात, की या स्टीलवर बारीक रेघा आहेत, बनवणाऱ्या माणसाच्या हाताच्या. मी दहा मिनिटांत चमकवून देईन, पण त्या रेघा नंतर कुणाच्या बापाला परत आणता येणार नाहीत.

ज्या माणसाचं पोट चमकवण्यावर, तो असं म्हणाला! नोकरी गेली असती बाबा. मी तेव्हा शाळेत होते, फी भरायची होती. आईने तुम्हाला दोन दिवस ऐकवलं. आणि पुढच्या शुक्रवारी अबू सैफ यांचा ड्रायव्हर गाडी घेऊन आपल्या बिल्डिंगखाली उभा.

तेव्हापासून शुक्रवार त्यांचे झाले. दुपारच्या नमाजानंतर तुम्ही जायचात. आई दोघांपुरते घावणे बांधून द्यायची, कारण अबू सैफना ते आवडायचे. तुम्ही कपाटातली एकेक वस्तू हातमोजे घालून पुसायचात, तेलाचा हात द्यायचात, कॅटलॉग चाळायचात. नवीन काही घ्यायचं असलं की ते आधी तुम्हाला फोटो दाखवायचे. तुम्ही "हां" म्हटलंत तर ते घ्यायचे.

मला राग यायचा. माझ्या वाटणीचा सुट्टीचा दिवस ते घेतात म्हणून असेल. एकदा मी तुम्हाला म्हटलंही, "बाबा, तेवीस रिव्हॉल्व्हरं आहेत त्या कपाटात, एक तरी तुमचं आहे का? तुम्हाला इथे लायसन्ससुद्धा मिळणार नाही. अँड दे आर जस्ट गन्स. माणसं मारायच्या वस्तू."

तुम्ही बूट घालत होतात. म्हणालात, "मी बनवणाऱ्याचा हात बघतो गं." आणि डबा उचलून गेलात.

का नाही चिडलात त्या दिवशी? चिडला असतात, तर आज मला जरा सोपं गेलं असतं.

त्या कपाटात अजून न आलेल्या चोविसाव्याचं वेड मात्र मला माहीत होतं. जेवताना तुम्ही तेच काढायचात. अगदी पहिल्या मालात कंपनीने नेम धरायची मागची पट्टीसुद्धा स्टेनलेसची, पांढरी ठेवली होती. उन्हात ती इतकी चमकायची की नेमच दिसेना. मग कंपनीने ती काळी केली. जगभरचे संग्राहक त्या पांढऱ्या पट्टीच्या मागे असतात. "चूक कळायच्या आधीचं आहे ते," असं म्हणून तुम्ही कसे हसायचात! जणू कुणाचं तरी लहानपण सापडणार होतं. गेल्या वर्षी कुठल्याशा लिलावात तसं एक निघालं, अबू सैफनी ते घेतलं आणि परवानग्यांचे कागद फिरू लागले. तुम्ही रोज विचारायचात, "आलं का?" ते आलं तेव्हा तुम्हाला जाऊन चाळीस दिवस झाले होते.

बुधवारी ऑफिसात असताना त्यांचा फोन आला. आवाज खूप थकलाय त्यांचा.

"बेटी, पेटी अब तक बंद है. मेरी आँख चली गयी. तेरा बाबा मेरी आँख था. तू आएगी?"

मी गडबडून मराठीतच म्हटलं, "अंकल, मला यातलं काही कळत नाही."

"इन्शाल्ला, कळेल," ते म्हणाले. हो, मराठीत! 'कळेल' हा शब्द तुम्हीच शिकवलात ना त्यांना?

सैफ, त्यांचा मुलगा, दारात भेटला. हळूच इंग्रजीत म्हणाला, "सिस्टर, प्लीज, ते बघून 'छान आहे' म्हण. इतके महिने माझे वडील याच दिवसाची वाट बघतायत." मी मान हलवली. मला तरी काय जमणार होतं दुसरं?

पाहुण्यांच्या त्या मजलिसमध्ये खालीच गाद्यांवर बसलो. सैफने पेटी उघडली. मी हातमोजे घातले. थंड आणि इतकं जड, बाबा! मला वाटलं नव्हतं. पट्टी पाहिली.

"पांढरी आहे," मी म्हटलं.

अबू सैफनी दोन्ही हात तोंडावर फिरवले. "अल्हम्दुलिल्लाह." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सैफ हसला. तिथेच थांबायला हवं होतं मी.

पण मी ते खिडकीपाशी नेलं. तुम्ही लहानपणी मला वर्कशॉपमध्ये नेऊन दाखवलं होतंत, हाताने घासलेलं कसं दिसतं आणि मशीनवर बफ करून चमकवलेलं कसं. तेव्हा ऐकत नव्हते असं मला वाटत होतं. नळीवर कोरलेली अक्षरं पाहिली. कपाटातलं दुसरं एक मागून घेतलं आणि दोन्ही शेजारी धरली. त्याची अक्षरं नखाला लागत होती. याच्यावरून नख घसरत होतं. कडा गोल झाल्या होत्या. बारीक रेघा कुठेच नव्हत्या. कुणीतरी फार प्रेमाने, फार वर्षांपूर्वी, ते चमकवून टाकलं होतं.

सैफ माझ्याकडे बघत होता. अबू सैफ नुसत्या आवाजाच्या दिशेने बघत होते. एक शब्द पुरला असता, बाबा. म्हातारा माणूस सुखाने झोपला असता. तुम्ही काय केलं असतंत, हे विचारायची मला गरज पडली नाही, आणि तेच फार जड गेलं.

"अंकल, पट्टी बरोबर है. लेकिन इसको पॉलिश किया है किसी ने."

 सैफने मान खाली घातली. मला वाटलं, आता हे मला जायला सांगतील.

अबू सैफनी हात पुढे केला. मी ते रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठा अक्षरांवरून फिरवला, दोनदा, तीनदा. मग ते हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले.

"मालूम है, मुझे किसका डर था?" ते म्हणाले. "कि तू झूठ बोलेगी. फिर मेरे पास कोई नहीं रहता."

बाबा, मी तिथे त्यांच्यासमोर पहिल्यांदा रडले. दवाखान्यात नाही, स्मशानात नाही, तिथे. तुमच्या गादीवर बसून. ती गादी त्यांनी अजून कुणाला दिलेली नाही.

ते परत पाठवायचं ठरलं. सैफने "खलास" म्हणून पेटी बंद केली. पण अबू सैफ चहा संपवून म्हणाले, "यल्ला, चलो, फिर ढूँढेंगे." ऐंशी वर्षांचा माणूस! मला विचारलं, तू शोधशील का? मग मी कपाटातली तेवीसही पुसली. पाच वाजेपर्यंत. तुम्ही वर्षानुवर्षं काय बघत होतात, ते मला थोडंसं दिसलं असं म्हणू का? एकेका नळीवर रेघा वेगळ्या आहेत. कुणाचा हात भरभर चाललाय, कुणाचा सावकाश. कुठल्या गावची होती हो ती माणसं? तुम्हाला विचारायचं राहिलं. केवढं विचारायचं राहिलं!

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मला कधी नेलं नाही त्यांनी."

तेव्हा बाबा, आता ऐका. येत्या शुक्रवारी मी आईला घेऊन जाणार आहे. तिला तुमच्या जागेवर बसवीन, आणि तुम्ही राखलेली तेवीसही एकेक करून तिच्यापुढे धरीन. अबू सैफ आहेत तोवर एकही शुक्रवार चुकवणार नाही. आणि ते चोविसावं सापडलं, तर ते कसं आहे ते त्यांना खरं खरं सांगीन.

तुमची,
मृणाल