कुलूप लागलेली दारं

३ मार्च
डायरीच्या पाना, तुझं-माझं दुखणं एकच — दुसऱ्याने आखलेल्या रकान्यांत मावायचं! आज खात्याचं पत्र आलं. वर्षानुवर्षं घरात कोंडून घेतलेल्या एकट्या म्हाताऱ्यांना पुन्हा उंबऱ्याबाहेर काढायचं, हे आमच्या संस्थेचं काम. पैसा सरकारचा, करार तीन वर्षांचा. शंभरातल्या ऐंशी घरभेटी ‘झाली’ या रकान्यात हव्यात, आमच्या एकसष्ट. सगळ्यात वाईट आकडा घरभेटी करणाऱ्या घाईबाईचा. तिच्या दहांतल्या सहा ‘झाली नाही’! मार्चअखेर करार संपतो. पुढचा हवा असेल तर ‘कमकुवत कर्मचारी बदला’, म्हणे.

४ मार्च
घाईबाईला बोलावलं. (जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढते, म्हणून हे नाव.) मी आवाज चढवायच्या तयारीतच होते.
“सहा वेळा भेट झाली नाही? गेलीच नव्हतीस की काय?”
“गेले होते की! दाराला कुलूप.”
“मग ती माणसं गेली कुठे?”
“बाहेर!” माझ्याकडे बघत राहिली. “मॅडम, आपण त्यांना बाहेर काढायलाच जातो ना?”
चढवलेला आवाज मी खाली उतरवला. वीस वर्षं सभा गाजवतेय. असं याआधी एकदाच झालं होतं, लेक जन्मली तेव्हा.

५ मार्च
खात्यासाठी भाषण तयार! अकरा पानं. “ते कुलूप हाच आमचा विजयध्वज!” लेकीला खड्या आवाजात वाचून दाखवलं.
“छान आहे गं आई. पण त्यांना ऐकवण्यापेक्षा कुलपंच दाखव ना.”
पोरगी आगाऊ आहे. बरोबर आहे, पण आगाऊ.

९ मार्च
खात्याच्या तपासनीसबाई आल्या. भाषण पर्समध्येच ठेवलं (केवढा संयम!) आणि घाईबाईच्या मागे आम्ही दोघी धापा टाकत निघालो. पहिलं घर — कुलूप. दुसरं — कुलूप. तिसरं एका म्हाताऱ्या घड्याळजींचं. बायको गेल्यापासून चार वर्षं त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. तिथेही कुलूप! तेवढ्यात स्वारीच जिना चढून वर आली.
घाईबाई म्हणाली, “काका, या खात्याच्या बाई. तुम्हाला भेटायला आल्यात.”
“आत्ता? छे! बागेत डाव अर्ध्यावर टाकून आलोय. टोपी विसरलो होतो.” कुलूप उघडलं, टोपी घेतली, कुलूप लावलं. “तो लबाड माझा वजीर हलवेल! चला, सरका.”
तपासनीसबाई पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, “मला पटलं हो. पण भेटींच्या तक्त्याचा नमुना बदलायचा तर तो मुळात ज्यांनी सुचवला त्यांचं लेखी म्हणणं लागतं. जुनी फाइल काढते.”
“काढाच! आणि त्या शहाण्याला माझ्यासमोर उभं करा. जन्मात कुणाचं दार ठोठावलं नसेल त्याने!”

१० मार्च
दिवसभर त्या शहाण्याला मनात झोडपलं. भूक फार छान लागली.

१२ मार्च
फाइलची प्रत आली. सहा वर्षांपूर्वीची बैठक. कागदोपत्री भेटी दाखवणाऱ्या संस्थांवर कुणीतरी तुटून पडलंय — “दार उघडलं तरच भेट, बाकी साऱ्या पळवाटा!” एकमताने मंजूर. खाली सुचवणाऱ्याची सही. माझी! कोपऱ्यात तपासनीसबाईंची पेन्सिल: “शहाण्याला समोर उभं केलंय. बोला.”
पाना, पोटभर हसून घे. मग एकच कर — पुढची बाजू कोरी ठेव. सकाळी दहाला घाईबाई त्या बाजूवर खात्याला पाठवायचा नवा रकाना आखणार आहे: ‘बाहेर गेलेत’. मी फक्त पट्टी धरणार.