उजेड पडलेला भाग

३ मार्च
ती. दादास, सा. न. वि. वि.
तुझे हलत्या चित्रांचे धडे रोज जेवणाच्या सुट्टीत बघते. निळे इलेक्ट्रॉन मुंग्यांसारखे पळताना पाहिले आणि या चिपच्या कारखान्यात अकरा वर्षं आपण काय बनवत होतो ते कळलं. एकच अडतंय. तुझ्या चित्रात सिलिकॉनच्या चकतीवरच्या लेपाला उजेड लागला की तेवढा भाग टिकतो, बाकीचा धुऊन जातो. आमच्या पिवळ्या दिव्यांच्या खोलीत मी रोज उलटं बघते, उजेड लागलेलाच भाग धुऊन जातो. तेरा तारखेला तोंडी परीक्षा. पास झाले तर तंत्रज्ञ. पुन्हा बसू देत नाहीत. काय सांगू?
आठवण असू दे.
तुझं शेंडेफळ

५ मार्च
चि. शेंडेफळास, अ. उ. आ.
वा, आता बटणं दाबणारे मास्तरांना शिकवणार तर! अगं, तो धडा लाखभर मुलांनी पाहिलाय, एकानेही बोट ठेवलं नाही. चित्रातलंच सांग, बिनधास्त. आई म्हणते, तुझा धीर ऐनवेळी सुटतो. तेवढं सांभाळ.
लोभ आहेच, टोमणेही चालू राहतील.
दादा

१४ मार्च
ती. दादास, सा. न. वि. वि.
चित्रातलंच सांगितलं. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "अकरा वर्षं त्या खोलीत डोळे मिटून उभ्या होतात का?" सगळे हसले. परीक्षेसाठी माझं नाव सुचवणाऱ्या बाई तेवढ्या खाली बघत होत्या. नापास.
शेंडेफळ

१८ मार्च
चि. शेंडेफळास, अ. उ. आ.
तुझं पत्र वाचून पुस्तक उघडलं. लेप दोन जातींचे असतात. मी दुसऱ्या जातीचा काढला होता. तुझं बरोबर होतं. आपण अहंकाराने तर बोललो नाही ना, असं स्वतःला पुन्हा पुन्हा विचारतोय. उत्तर सोपं नाही. धडा मात्र सुधारला आहे.
माया पातळ करू नकोस.
दादा

२१ मार्च
ती. दादास, सा. न. वि. वि.
सुधारलेला धडा पाहिला. आता दोन्ही लेप आहेत, स्पष्ट आहेत. खाली दुरुस्तीची तारीख आपोआप पडते, तुझ्या लक्षात आलं नसेल. आठ मार्च. परीक्षेला पाच दिवस होते. मी जुनाच पाठ करून बसले होते, पुन्हा उघडला नाही. तू लाखभर मुलांना सांगितलंस, मला दोन ओळी लिहिल्या नाहीस.
आईला तुझं नाव सांगितलं नाही. मीच अभ्यास केला नाही म्हणाले. तिला ते लगेच पटलं.
शेंडेफळ