वाडीवरची माणसं

३ फेब्रुवारी

परत जनगणनेचं ट्रेनिंग! अख्खा दिवस मुरबाडला गेला. नवे साहेब पडद्याकडे बोट करून – "शाळा कुठे, दवाखाना कुठे, सीमेवर जवान किती, सगळं लोकसंख्येवर ठरतं. ताई, तुमचा आकडा म्हणजे देशाचा आकडा!" देशाचं राहू दे. वाडीवर शंभराच्या खाली माणसं भरली तर माझी अंगणवाडी बंद करून खालच्या गावच्या अंगणवाडीत घालणार, हे मात्र जेवणानंतर हळूच सांगितलं. चार किलोमीटर, मधे ओढा. तीन वर्षांचं पोर जाणार कसं?

विचारलं, वीटभट्टीवर गेलेत त्यांचं काय? "हजर असतील तेवढेच लिहा. बाकीचे तिथे मोजले जातील."

५ फेब्रुवारी

वाडीवर गेले. दिवाळी झाली की वाडी भट्टीवर जाते, पावसाच्या तोंडावर परत येते. हे काय आजचं आहे? चोवीस घरं, त्यातल्या अठरांच्या दाराला सुतळी बांधलेली. मागे म्हातारी माणसं नि कोंबड्या. सकुबाई ओट्यावर बसलेली. "माजा लखमा, सून, चार नातवंडा. लिव गो." लिहिता येत नाय, म्हटलं. ती हसली – "तू तं शिकलेली ना?"

एकशे अठरातले एकवीस भरले. मोबाइलच्या अ‍ॅपवर सही केली. पाय दुखतायत.

६ फेब्रुवारी

सही करायला नको होती.

८ फेब्रुवारी, रविवार

एसटीने शहापूर, मग जीपने आटगावच्या पुढे, भट्टीवर. यांना इथे मोजलंय ना, एवढंच बघायचं होतं. पोरं धावत आली – ताय! ताय! सकुबाईची नात काजल कच्च्या विटा पालटत होती. पाच वर्षांची पोर!

लखमाला विचारलं, मोजणीवाला आला होता का रे?

"आलता ना. मी बोल्लो, आमी इथले नाय. आमचा घर वाडीवर, देव वाडीवर. आमची ताय मोजील आमाला." सगळ्यांनी त्याला तेच सांगून परत पाठवलं म्हणे. केवढ्या ऐटीत सांगत होता!

म्हणजे सत्त्याण्णव माणसं कुठेच नाहीत. ना इथे, ना तिथे. लखमाच्या कानाखाली द्यावीशी वाटली. मग माझ्याच. त्याच्या बायकोने काळा चहा दिला. बसून सगळ्यांची नावं लिहून घेतली.

९ फेब्रुवारी

नावांचा कागद साहेबांपुढे ठेवला. "ताई, अ‍ॅप लॉक झालं. आणि सही तुमचीच आहे की!"

कंटाळा आलाय. सगळ्याचाच.

२ एप्रिल

आदेश आला. वाडीवरची अंगणवाडी बंद. वजनकाटा, सतरंजी, तक्ता खाली नेला. आता मीही खालीच बसायचं. सकुबाईने सतरंजीची घडी घालून दिली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

१ जून

वाडी भट्टीवरून परत आली. कोणत्या तोंडाने सांगायचं, तरी सांगायला वर गेले. अंगणवाडीच्या दारात सतरा पोरं, डोक्याला तेल चोपडून. लखमा पुढे – "ताय, टाला कशाला? मोजलंस ना आमाला?"

मोजलं, म्हटलं. किल्ली अजून पर्समध्येच होती. कुलूप काढलं.