सोनेरी खुर्च्यांचे कलम

मी, रिफअत अब्देल-आल अल-बिसाती, वय एकाहत्तर, विद्यापीठातील अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार शुब्रा, कैरो, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवतो. यकृताने हात टेकले आहेत, डोके अजून ठिकाणावर आहे. मन थाऱ्यावर नाही, पण कायदा ते विचारत नाही.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव यांचे दोन तृतीयांश शरियतप्रमाणे मुलगी शिरीन व मुलगा ऐमन यांचे. त्यात मला हात घालता येत नाही. शिरीनला भावाच्या निम्मे मिळेल. बापाने जन्मभर विषमतेवर व्याख्याने झोडली आणि घरात हे असे. ऐमनने काय ते समजून घ्यावे.

२. पुस्तके विद्यापीठाच्या वाचनालयाला द्यावीत. डॉ. नशअत यांना एकही देऊ नये. त्यांनी आधी नेलेली अजून परत आलेली नाहीत.

३. उरलेला एक तृतीयांश माझा थोरला भाऊ सब्री, सुतार, कारागिरांच्या मानाने उस्ता, राहणार दुमयात, याला द्यावा. कारण लिहितो.

आयात खुली करावी आणि ज्या कारागिरांचे काम जाईल त्यांना सरकारने दरमहा मदत द्यावी, असे माझे संशोधन सांगत होते. गरीब कोणाला म्हणायचे, ती मोजपट्टीही सरकारसाठी मीच आखली. तिच्यात एक कलम होते: ज्या घरात सोनेरी मुलाम्याच्या कोरीव खुर्च्या, ते घर खाऊनपिऊन सुखी. कैरोत हे खरेच आहे. दुमयात हे फर्निचर घडवणाऱ्यांचे गाव, तिथे मात्र प्रत्येक सुताराच्या घरी असा संच असतो. एक तर न विकलेला, नाहीतर मुलीच्या लग्नासाठी बापाने स्वतः कोरलेला. तो चादरीखाली, आणि घरचे चटईवर. मी त्याच चटईवर वाढलो.

बैठकीत एका सहकाऱ्याने विचारलेही, सगळीकडे हे कलम लागू पडेल का? पण आमचे वडील फर्निचरचे मोठे व्यापारी होते, असे मी तिथे सर्वांना सांगत आलो होतो. खरे बोललो असतो तर हे खोटे उघडे पडले असते. लाजेपोटी मी गप्प बसलो. दुसरे काही कारण नाही.

पुढे परदेशी खुर्च्या दुमयातच्याच बंदरात उतरल्या आणि सब्रीचे दुकान बसले. त्याने मदतीसाठी अर्ज केला. तपासनीस यायच्या दिवशी वहिनी नबविया म्हणाली, "अहो, तेवढा संच शेजारी सरकवा ना. तो गेला की आणू परत."

"पाहुणा येतोय, चोर नाही," सब्री म्हणाला. "त्याला काय जमिनीवर बसवू?"

त्याने चादर काढली, तपासनिसाला सोनेरी खुर्चीत बसवले, वर पुदिन्याचा चहा दिला. अर्ज नामंजूर झाला. सब्रीने माझ्याशी बोलणे टाकले. ते कलम आजही लागू आहे. ते काढा, असे एका ओळीनेही मी कोणाला कळवलेले नाही. याची मला फार शरम वाटते.

४. कलम ३ आज दुपारी रद्द केले, ते असे. मी सब्रीला बोलावून घेतले आणि वरचे सगळे वाचून दाखवले.

"दादा, एवढं तरी घे."

"भीक घालतोस होय रे, डॉक्टरसाहेब? आणि आमच्या गल्लीतल्या बाकीच्यांनी काय करायचं? त्यांचा कोणी भाऊ नाही कैरोत प्रोफेसर."

वकीलबाई फादिया मध्ये पडल्या. "उस्ता, रागावू नका. नको असेल तर तसं लिहू. साक्षीदार तेवढे दोन हवेत. आणि ज्याला मिळणार, त्याची साक्ष मी घेत नाही."

"असं होय? मग खोडा माझं नाव वरनं," सब्री म्हणाला. "साक्ष मी देतो. आमचा बाप सुतार होता, हे सांगायला या कैरोत दुसरं आहे कोण?"

५. म्हणून तो एक तृतीयांश, मोजपट्टीतल्या त्या कलमामुळे ज्यांचे अर्ज फेटाळले गेले त्या दुमयातच्या कारागिरांच्या अपिलांसाठी फादियाबाईंनी खर्च करावा. सोनेरी खुर्च्यांचे कलम चुकीचे आहे, आणि ते चुकीचे आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, असे माझ्या सहीचे निवेदन त्यांनी उद्याच सरकारी खात्यात द्यावे. माझ्या मरणाची वाट पाहू नये.

वाचून, ऐकून, कबूल करून सही केली.

रिफअत अब्देल-आल अल-बिसाती
सुताराचा मुलगा

साक्षीदार:
१. सब्री अब्देल-आल अल-बिसाती, सुतार, दुमयात
२. मीलाद बुत्रुस, औषधविक्रेते, शेजारी

शुब्रा, कैरो. १४ नोव्हेंबर २०१९