सहा आकडे

३ जुलै
मुलानं जेवताना फोन पुढे केला. "बघ, तुझी लाडकी सून काय कमावते ते." घटस्फोटाला वर्ष झालं. पण तिचं आयकराचं खातं लग्नानंतर यानंच उघडलेलं, नंबर याचाच. अजून तिचं सगळं याला दिसतं. "मिटव ते," म्हटलं — पण आधी वाचलं! दवाखान्याचा पगार, आणि एका छापखान्याकडून मुद्रितं तपासण्याचे पैसे. चौथीत माझी शाळा सुटली. पुढचं वाचन माझं मीच शिकले. अक्षर दिसलं की डोळे थांबत नाहीत.

४ जुलै
तिला फोन केला. काळजीनं बोलून गेले, "दोन-दोन कामं करतेस, डोळे सांभाळ." ती हळूच म्हणाली, "आई, दुसऱ्या कामाचं मी कुणालाच सांगितलेलं नाही."

५ जुलै
मी वहीत लिहीत असले की हे दाराबाहेर खोकायचे, मगच आत यायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. अजून लिहिताना कान दाराकडेच.

७ जुलै
ती आली. भरदुपारी. मुलासमोर खुर्ची ओढून बसली.
"खात्यावरचा नंबर बदलायचाय. कोड तुझ्या फोनवर येईल. वाचून दाखव."
"आणि नाही वाचला तर?"
"तर बसते. आज रजा टाकलीय."
खरंच बसली. पिशवीतून छापील कागद काढले, लाल पेनानं चुका खुणावू लागली — तेच लपवलेलं काम, त्याच्याच समोर. कोड जुना झाला की नवा मागवायची. याचा फोन पुन्हा वाजायचा. चाळीस मिनिटं. आवाज चढवला नाही, जुनं काही उकरलं नाही. शेवटी मीच म्हटलं, "वाच रे." सहा आकडे वाचताना त्याचा आवाज शाळेत उभं केल्यासारखा झाला.
एवढं धीराचं माणूस आम्ही घरातून जाऊ दिलं.
दारात तिला म्हटलं, "त्या दिवशी मीही वाचलं गं."
"कळलं होतं. तुमच्याच तोंडून." चपला घातल्या, गेली. राग नव्हता, हसूही नव्हतं.

८ जुलै
सकाळी माझ्या फोनवर एक कोड आला. पाठोपाठ तिचा फोन. "आई, खात्यावर दुसरा नंबर तुमचा दिलाय. वाचता का?"
एकेक आकडा दोनदा वाचला.